डोमाजींचे थांबे

बायको नवऱ्याची तक्रार करते तेव्हा ती निदान अर्धी तरी खरी असते, असं नर्सच्या नोकरीत माझं मत झालं आहे. डॉक्टर विचारतात त्याचं उत्तर रोगी धड देत नाही. त्याची बायको मात्र न विचारता सगळं सांगते, फक्त कुणी ऐकून घ्यायला पाहिजे. डोमाजी येऊल यांच्या बायकोची तक्रारही आमच्या कानावर आली, पण एक दिवस उशिरा आली.

साल एकसष्ट असेल. अकोल्याला स्टेशनाजवळ डॉक्टर शालिकराम इंगोल्यांचं इस्पितळ होतं, तिथं मी नर्स होते. माझं नाव ललिता, माहेर अमरावतीचं. छप्पन साली आमच्या घरानं बौद्ध धम्म घेतला आणि लगेच बाबांनी मला नर्सिंगला घातलं. पोरीच्या हातात विद्या पाहिजे, म्हणाले. विद्या आली आणि तिच्यासोबत जीभही तिखट झाली, कारण गोड बोलून नातेवाईक रोग्याच्या खाटेवरून उठत नाहीत.

डोमाजी आले ते पानांच्या लॉरीवर. अंजनगावाकडच्या मळ्यांतून विड्याच्या पानांच्या डाल्या भरून लॉऱ्या रोज अकोल्याच्या स्टेशनावर यायच्या. त्या दुपारी एक लॉरी आमच्या फाटकाशी थांबली आणि ओल्या केळीच्या पानांनी झाकलेल्या डाल्यांमधून चौघांनी एक माणूस उतरवला. पन्नाशी उलटलेला, काटक, पण पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलेलं. तीन दिवस शौच नाही, वारा सरत नाही, वर ओकाऱ्या. सोबत बायको पंचफुला आणि धाकटा भाऊ देवमन. इतक्या यातनेतही डोमाजी लॉरीच्या ड्रायव्हरला म्हणत होते, "तुह्या पोरीचं जमलं का रे बाप्पा?" मला वाटलं, हा माणूस भ्रमात बडबडतो आहे.

डॉक्टर इंगोल्यांनी पोटावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "आतड्याला पीळ पडलाय, सिस्टर. थिएटर लावा." डॉक्टर मुंबईला शिकले होते, आमच्याशी पुस्तकी मराठी बोलत, पण रोग्यापुढं गेले की पक्के वऱ्हाडी. मोठी भूल द्यायची म्हणजे माणसाचं काळीज आणि नसा किती दमाच्या आहेत ते पाहावं लागतं. हल्लीसारखी यंत्रं तेव्हा आमच्याकडं नव्हती. डॉक्टरांचा एकच प्रश्न असायचा, तोच त्यांनी पंचफुलाबाईंना विचारला.

"बाई, यायले चालनं-फिरनं किती होते? दम लागते का?"

"दम?" पंचफुलाबाईंनी पदर खोचला. "दिवसभर पायावर राह्यते हा मानूस, डाक्टरसाहेब. मळ्यात बस म्हनलं तं बसत नाई. सकाळी जाते थो दिवे लागनीले येते."

"अन् बिडी?"

"थे तं चालूच हाय. बंडल पुरत नाई."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. डॉक्टरांनी मान हलवली आणि हात धुवायला गेले. पोट इतकं फुगलेलं असताना पायांकडं कोण पाहणार? पाहिलं ते मी, ऑपरेशनसाठी पाय पुसताना. तळवे भेगाळलेले, काट्यांनी टोचलेले आणि गार. पण पानमळे करणारे हे बारी लोक मळ्याला देवघर मानतात, चपला फाटकाबाहेर काढून आत जातात. मळ्यात बाराही महिने ओल. अशा माणसाचे पाय गार लागले तर त्यात नवल ते काय, असंच कुणालाही वाटलं असतं.

पोट उघडलं तेव्हा डाव्या बाजूचं आतडं काळंजांभळं झालं होतं. पीळ सोडवला तरी रंग परत येईना. तेवढा भाग काढून टाकण्यावाचून इलाज नव्हता. डॉक्टरांनी त्याला रक्त पुरवणाऱ्या नसा मुळाशी बांधल्या, मेलेलं आतडं काढलं आणि उरलेली दोन्ही टोकं पोटावर आणून ठेवली. ती पुढं माणूस सावरला की जोडायची, अशी तेव्हाची पद्धत होती. नाडी शेवटपर्यंत चांगली चालली. बाहेर येऊन डॉक्टरांनी पंचफुलाबाईंना सांगितलं, "वाचले तुमचे मालक." त्या बाईनं तिथंच जमिनीला डोकं टेकवलं.

सकाळी मी ड्यूटीवर आले तर वॉर्डात आनंदीआनंद. डोमाजी शुद्धीवर होते, पोट मऊ होतं, आणि नाकात नळी असताना शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला त्याचं गाव विचारत होते. पंचफुलाबाई मात्र त्यांच्या पायथ्याशी काही तरी खुडबुड करत होत्या. जवळ जाऊन पाहते तर चुलीवर तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून त्या नवऱ्याच्या तळव्यांना शेक द्यायच्या तयारीत. डोमाजी म्हणत होते, "द्या वो, बर्फावानी पडले पाय."

मी ती वीट हिसकावली आणि अशी काही ओरडले की सगळा वॉर्ड उठून बसला. मग पांघरूण काढून पायांना हात लावला. काल पाय गार होते. आज ते मेलेल्या माणसासारखे थंड होते. उजवा फिकट, डावा पार पांढरा, मध्येच निळे डाग. मी डाव्या अंगठ्याला चिमटा घेतला तर डोमाजी आपले छताकडं पाहत राहिले. अशा पायाला शेक द्यायचा नसतो. रक्त पोचत नसलं की उष्णता बाहेर वाहून नेणारं कुणी नसतं, कातडी नुसती भाजते. हे मी पंचफुलाबाईंना नंतर हळू आवाजात समजावलं, पण तेव्हा आधी डॉक्टरांकडं धावले.

डॉक्टरांनी दोन्ही जांघांत बोटं रोवून नाडी शोधली. उजवीकडं नाही, डावीकडंही नाही. ते पुन्हा शोधत राहिले. त्यांच्या कपाळावर तसा घाम मी ऑपरेशनातसुद्धा कधी पाहिला नव्हता.

"एका रात्रीत दोन्हीकडच्या नसा बंद होत नाहीत, सिस्टर," ते मला म्हणाले. "आधीपासून बंद असल्या पाहिजेत. मग हा माणूस दिवसभर चालत कसा होता?"

ते पंचफुलाबाईंकडं वळले. "बाई, हे चालता चालता मधात थांबतात का कधी?"

आणि तेव्हा ती तक्रार आली.

"थांबतात?" बाई म्हणाल्या. "साहेब, थांबल्याबिगर याले येताच येत नाई! मळा काई दूर नाई आमचा, हाकेवर हाय. माह्याहून आंधी निघते अन् माह्यामांगून घरी येते. आंधी नत्थुजी तेल्याच्या दुकानाशी उभा राह्यते. मंग पारावर. मंग त्या गोदाबाई बुढीच्या दारात. मंग हिरीपाशी. सारं गाव म्हनते, डोमाजीवानी बोलका मानूस नाई. अन् मी घरी भाकरी घेऊन बसून राह्यतो. लगन झालं तवा असा नव्हता हो. पाच-सात वर्सं झाले, जीभ सुटली याची."

देवमन हसला. मीही हसणार होते. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी खाटेशी वाकून डोमाजींना विचारलं, "थांबता थे गोष्टी कराले, का दुसऱ्या कशाले?"

डोमाजी बायकोकडं न पाहता म्हणाले, "पोटऱ्या ओढतात, साहेब. धा पंधरा घरं चाललो का अशा आवळतात का पाऊल उचलत नाई. उभं राह्यलं का सुटतात. मंग पुन्हा चालतो."

"अन् मळ्यात?"

"मळ्यात कायचं चालनं? दोन पावलं गेलं का वेल येते. लव्हाळ्यानं बांधाचा, का पुढच्या वेलाशी. तिथं उभं राह्यनं म्हनजेच काम. तिथं कदी दुखलं नाई."

"मंग सांगतलं कावून नाई कोनाले?" बायकोनं विचारलं.

"कोनाले सांगू? पाटलाचा मळा नाई, आपला सोताचा मळा. पाय गेले म्हनलं तं देवमन म्हनन, दादा आता घरी बस." डोमाजींनी नळी सावरली. "अन् रस्त्यात मानूस उगाच उभा राह्यला तं लोक पाह्यतात. उभं राह्याले काई कारन तं पाह्यजे. म्हून बोलो मी."

पंचफुलाबाईंचा चेहरा मी पाहिला. एवढी वर्षं भाकरी निवत घेऊन बसलेली बाई, तिला एका झटक्यात कळत होतं की आपण ज्याच्यावर रोज चिडलो तो चव्हाट्यावर मजा मारत नव्हता, दुखणं लपवत होता. तिनं फक्त विचारलं, "म्हनजे तुमाले गोष्टींची काई पडली नव्हती?"

"पहिले नव्हती," डोमाजी म्हणाले. "मंग गोडी लागली."

डॉक्टरांनी त्याच दिवशी त्यांना सगळं सांगितलं. दुसरा एखादा डॉक्टर असता तर 'नशीब' म्हणून मोकळा झाला असता, पण आमचे डॉक्टर तसे नव्हते. खाटेशी उभे राहिले आणि म्हणाले, "डोमाजी, मळ्याचा मोठा पाट गाळानं बुजला, तरी खालचा वाफा काई वेळा वाळत नाई, पाह्यलं असन. वरच्या वाफ्यातून वळसा घेऊन पानी उतरते. तुमच्या पायाकडं जानारी मोठी नस तशीच बुजली हाय. बिडीनं म्हना, वयानं म्हना. पायाचं रगत आतड्याच्या नसंतून वळसा घेऊन येत होतं. थेच नस मी काल बांधली."

"नसती बांधली तं?"

"आतडं सडलंच होतं, थे काढनं भाग होतं. पन पायाचं मालूम असतं, तं मुळाशी न बांधता आतड्याच्या लगत बांधली असती. तं वाटा राह्यल्या असत्या कदाचित. मले मालूम नव्हतं."

"मंग मी तरी कुठं सांगतलं तुमाले?" डोमाजी म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, नुसती समजूत होती. डॉक्टरांना मात्र ती शिवीपेक्षा जड गेली. त्यानंतर ते रोज दोनदा यायचे, खाटेच्या पायथ्याशी उभं राहून पाय पाहायचे आणि डोमाजींच्या तोंडाकडं न पाहता निघून जायचे.

उपाय केले नाहीत असं नाही. पायाच्या नसांना आवळून धरणारे काही तंतू कमरेतून कापले की उरल्यासुरल्या बारीक वाटा मोकळ्या होतात, असा त्या काळचा उपाय होता. डॉक्टरांनी तो केला. उजवा पाय हळूहळू ऊबदार झाला. पंचफुलाबाई सकाळ-संध्याकाळ त्याला हात लावून पाहायच्या आणि मलाही बोलावून हात लावून पाहायला सांगायच्या. मुंबईला म्हणे बुजलेल्या नसेवरून नवी नळी घालायला लागले होते, पण पोट उघडं आणि अंगात ताप अशा माणसाला आगगाडीत घालणं म्हणजे वाटेतच गमावणं. डाव्या पायानं काही साथ दिली नाही. बोटं काळी पडली, मग काळेपणा घोट्याच्या वर सरकला, मग वास यायला लागला. तापाचा काटा चढू लागला.

डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याच्या वरून पाय काढावा लागेल, आणि लवकर. नाही तर विष अंगभर जाईल आणि माणूस हातचा जाईल.

डोमाजी म्हणाले, "नाई."

सगळ्यांनी समजावलं. देवमननं मळ्याचं सगळं आपण पाहू म्हणून शपथ घेतली. पंचफुलाबाई रडल्या, भांडल्या, उपाशी राहिल्या. मीही माझ्या परीनं तोंड सोडलं. "मराचीच हौस होती तं तवाच पोटानं मेले असते, आमची मेहनत तरी वाचली असती," असंसुद्धा बोलले. नर्सनं असं बोलू नये, पण डोळ्यांसमोर वाचवता येणारा माणूस हट्टानं मरतो आहे म्हटल्यावर माझा संताप आवरत नाही. डोमाजी भिंतीकडं तोंड करून पडले. शेजारच्या म्हाताऱ्याशीही बोलेनात. बोलका माणूस गप्प झाला की वॉर्डाला कळतं.

खरं कारण त्यांनी मला सांगितलं, ड्रेसिंग बदलताना. पंचफुलाबाई तेव्हा नळावर गेल्या होत्या.

"नर्सबाई, पायाचं काई नाई. एका पायानंई मानूस जगते. पन देवमननं गावात सांगतलं, दादा बोलाले नाई, पोटऱ्या दुखतात म्हून थांबे. लॉरीवाला परवा सांगत होता, सारं गाव हसून राह्यलं. नत्थुजी म्हने, मी सात वर्सं याले माह्या घरचं सारं सांगलो, अन् हा आपला पाय मोजत होता." ते भिंतीशीच बोलत होते. "आता कोनाच्या दारात कोन्या तोंडानं उभा राहू? मी खोटा ठरलो ना गावात."

मी ड्रेसिंग संपवून डॉक्टरांकडं गेले. त्यांना सांगितलं तर ते खुर्चीत बसून राहिले. "औषध नाही माझ्याकडं यावर," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पानांची लॉरी पुन्हा आमच्या फाटकाशी थांबली. डाल्यांच्या मधून एक म्हातारी उतरली. वाकलेली, डोळ्याला धड दिसेना, लुगड्याला केळीच्या पानांचं पाणी लागलेलं. फाटकावरच्या माणसानं, भेटायची वेळ नाही, म्हणून अडवलं तर त्याला म्हणाली, "मी भेटाले नाई आली, भांडाले आली हावो." आणि आत शिरली. मी अडवायला पुढं झाले. तिनं माझाच हात धरला आणि म्हणाली, "माय, डोमा कुठं हाय थे दाखव."

ती गोदाबाई. हिचं दार डोमाजींच्या वाटेवरचं. पंचफुलाबाईंनी तिला पाहिलं आणि त्या उठून उभ्या राहिल्या. डोमाजींनी भिंतीकडून तोंड वळवलं नाही.

गोदाबाई खाटेच्या कडेला बसली. रोग्याच्या खाटेवर बसू नये असा आमचा नियम, पण त्या दिवशी मी तो बोलून दाखवला नाही. तिनं पांघरुणावरून डोमाजींचा खांदा चाचपला.

"कावून रे, पाय कापू देत नाई म्हने तू?"

डोमाजींनी पांघरूण कानावर ओढलं.

"मरून राह्यला म्हने. मले न सांगता."

"काकी," डोमाजी भिंतीकडंच बोलले, "तुमाले सांगतलं असन देवमननं. मी तुमच्यासाठी नाई थांबो. माह्या पोटऱ्या दुखत."

"सांगतलं ना. साऱ्या गावानं सांगतलं."

"मंग?"

"मंग काय?" म्हातारी तडकली. माझ्यासारखीच तिखट जीभ असलेलं माणूस भेटलं की मला बरं वाटतं, पण हिच्यापुढं मी काहीच नव्हते. "माहा पोरगा धामनगावले गिरनीत हाय. दिवाईले येते, दोन दिस राह्यते, मायसाठी आलो म्हनते. थो खरा. अन् तू रोज संध्याकाळी माह्या दारात उभा राहून पुसत होता का काकी जेवली का, आज काय रांधलं, डोये कसे हायत. थो खोटा? मले काय करायचं तुह्या पोटऱ्याचं? तुहे पाय दुखत व्हते का डोकं दुखत व्हतं, मले कशाले पाह्यजे? तू थांबत व्हता ना?"

डोमाजींचा खांदा हलायला लागला.

"महिना झाला," गोदाबाई म्हणाली, आणि आता तिचा आवाज खाली आला. "सांज झाली का मी दारातच बसून राह्यतो. कोनी पुसत नाई जेवली का. म्हून जेवनंई होत नाई, बाप्पा."

पंचफुलाबाई तोंडात पदर घालून रडत होत्या. सगळा वॉर्ड ऐकत होता, शेजारचा म्हातारा तर उठून बसला होता. मी औषधांच्या कपाटाकडं तोंड केलं. मी रडते हे रोग्यांनी पाहू नये, असा माझा स्वतःचा एक नियम आहे. त्या दिवशी तोही धड पाळता आला नाही.

डोमाजींनी तोंड वळवलं. म्हातारीकडं पाहिलं, मग बायकोकडं. मग मला म्हणाले, "नर्सबाई, डाक्टरले बलावता का?"

डॉक्टर आले आणि सवयीनं पायथ्याशी उभे राहिले.

"तिथं नाई, इथं या साहेब," डोमाजी म्हणाले. गोदाबाई सरकली. डॉक्टर खाटेवर बसले. इतक्या दिवसांत त्या दोघांनी पहिल्यांदा एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं.

"कापा," डोमाजी म्हणाले. "कुठून कापाचा थे तुमी पाहा. एक सांगतो. चालनं नाई जमलं तरी माही तक्रार नाई. पन मले उभं राह्यता आलं पाह्यजे. तेवढं करून द्या."

डॉक्टरांनी डोमाजींचा हात दोन्ही हातांत धरला आणि नुसती मान हलवली. मग थिएटर लावायला सांगायला म्हणून उठले आणि मलाच समोर पाहून, "सिस्टर, सिस्टर" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, समजलं.

पाय कापला. जखम भरायला फार दिवस गेले. अशा नसांच्या माणसाची जखम भरणं ही साधी गोष्ट नसते. दोनदा पू झाला, दोनदा आम्ही आशा सोडली. पण उजव्या पायाची ऊब टिकली आणि हळूहळू मांडीची जखमही भरून आली. बिडी मात्र डॉक्टरांनी कायमची तोडली. पुन्हा ओढली तर दुसराही जाईल, म्हणाले. डोमाजींनी बंडल पंचफुलाबाईंच्या हातात दिलं आणि बाईंनी ते माझ्यादेखत मोरीत टाकलं.

एका सकाळी त्यांना पहिल्यांदा उभं केलं. एका बाजूला कुबडी, दुसऱ्या बाजूला देवमन. मी समोर, ते पडले तर धरायला. डॉक्टर दारात उभे होते आणि आत यायला त्यांना धीर होत नव्हता. डोमाजी उठले, डुलले, सावरले. एकुलत्या पायाच्या पोटरीवर त्यांची नजर होती. पोटरीनं तक्रार केली नाही, कारण ते चाललेच नव्हते, नुसते उभे होते. चेहऱ्यावर घाम आला होता. पहिल्या दिवशी एवढं पुष्कळ म्हणून मी म्हटलं, "बसा आता, डोमाजी. पहिल्या दिवशी जास्त नाई."

त्यांनी ऐकलं नाही. शेजारच्या खाटेवर काल रात्री एक नवा रोगी आला होता, मेळघाटातल्या सेमाडोहचा, रानातून आलेला आणि शहराला बुजलेला. आल्यापासून कुणाशी एक अक्षर बोलला नव्हता. डोमाजी कुबडीवर रेलून त्याच्याकडं वळले होते आणि तो माणूस त्यांना तुटक तुटक काही तरी सांगत होता, बैलाचं की बायकोचं ते मला कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं, "बसा म्हटलं ना."

"थांबा, नर्सबाई," डोमाजी म्हणाले. "या भावाचं अर्धंच सांगून झालं हाय."